शोभेचा सॅल्व्हिया आणि घरची बाग : एक आढावा

प्रश्नाचे स्वरूप

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील जानेवारीचे पुष्पप्रदर्शन असो, एखाद्या नगरपालिकेच्या उद्यानात पुतळ्याभोवती आखलेला वर्तुळाकार वाफा असो, किंवा बंगल्याच्या फाटकापासून व्हरांड्यापर्यंत मांडलेली कुंड्यांची रांग असो, हिवाळ्यात तेथे तांबड्याभडक तुऱ्यांचा सॅल्व्हिया दिसावयाचाच, अशी कित्येक पिढ्यांची वहिवाट आहे. ह्या दीर्घ सहवासामुळे सॅल्व्हिया म्हणजे ऑक्टोबरात लावावयाचे, मार्चात उपटून टाकावयाचे आणि पुढील वर्षी पुन्हा विकत आणावयाचे एक लाल फूल, अशी समजूत आपल्याकडे दृढ झाली आहे. वस्तुतः तुळस, पुदिना व सब्जा ज्या कुळात मोडतात त्या कुळातील ही सर्वांत मोठी प्रजाती असून तिच्यात सुमारे एक हजार जातींचा समावेश होतो. त्यांत निळ्या, जांभळ्या, गुलाबी आणि पांढऱ्या फुलांच्या, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या झुडपांचाही भरणा आहे. ही गोष्ट बागेची हौस बाळगणाऱ्यांपैकी अनेकांच्या गावीही नसते.

ह्या इतर जातींपैकी काही जाती रोपवाटिकांतून आता मिळू लागल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर काही प्रश्नही घरच्या बागेत येऊन पोहोचले आहेत. सॅल्व्हिया हंगामी मानावा की बहुवर्षायू? तो वाफ्यात लावावा की कुंडीत? त्याची छाटणी पावसाळ्यापूर्वी करावी की नंतर? आणि परमुलखातून आलेल्या ह्या झाडाला आपल्या मर्यादित जागेत कितपत स्थान द्यावे? ह्या प्रश्नांवरील निरनिराळी मते, त्यांची पूर्वपीठिका आणि आज अनिर्णीत राहिलेले मुद्दे महाराष्ट्राचे हवामान डोळ्यांपुढे ठेवून क्रमाने मांडणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

युरोपात ह्या प्रजातीची पहिली ओळख शोभेसाठी झाली नाही. भूमध्यसागराच्या काठची सॅल्व्हिया ऑफिसिनॅलिस, जिला इंग्रजीत सेज म्हणतात, ती मठांच्या औषधी बागांतून आणि स्वयंपाकघरांमागच्या वाफ्यांतून शतकानुशतके लावली जात होती. लिनिअसने 1753 मध्ये वनस्पतींच्या नावांची जी व्यवस्था लावून दिली तिच्यात ह्या जातीचे नाव नोंदले गेले, आणि त्या नावातील 'ऑफिसिनॅलिस' हे पद तिच्या औषधी उपयोगाचीच साक्ष देते. शोभेच्या सॅल्व्हियाचा खरा इतिहास 1822 च्या सुमारास सुरू होतो, कारण ब्राझीलमधील दमट डोंगराळ वनांतली सॅल्व्हिया स्प्लेंडेन्स ही लाल फुलांची जाती त्या वेळी युरोपातील बागांत आली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात काचघरांत रोपे वाढवून उन्हाळ्यात ती गालिच्यासारख्या रंगीत आकृत्यांत मांडण्याची पद्धत भरभराटीस आली होती. एकसारख्या उंचीचे आणि एकसारख्या रंगाचे झाड हीच ह्या पद्धतीची पहिली मागणी असल्यामुळे, मूळच्या रानात मीटरभराहून अधिक वाढणाऱ्या स्प्लेंडेन्सपासून वीतदीड वीत उंचीचे, आटोपशीर वाण निवडून काढण्यात आले. ह्या कृत्रिम मांडणीविरुद्ध विल्यम रॉबिन्सन ह्याने 1870 मध्ये 'द वाइल्ड गार्डन' आणि 1883 मध्ये 'द इंग्लिश फ्लॉवर गार्डन' हे ग्रंथ लिहिले, आणि हंगामी रोपांच्या जागी वर्षानुवर्षे टिकणाऱ्या झाडांची बाजू हिरिरीने मांडली. त्या वादाचे पडसाद आजच्या सॅल्व्हियाविषयक चर्चेतही ऐकू येतात.

आपल्याकडे मात्र इंग्रजी अमदानीत छावण्या, कचेऱ्या आणि सरकारी बंगले ह्यांच्या आवारांतून पोहोचली ती पहिली पद्धतच. बंगाल व उत्तर हिंदुस्थानासाठी फर्मिंजर ह्यांनी 1863 मध्ये प्रसिद्ध केलेल्या बागकामाच्या पुस्तकासारख्या ग्रंथांनी विलायती फुलांची लागवड हिवाळ्यात करावयाची ही घडी पक्की केली, आणि ती बव्हंशी आजतागायत कायम आहे.

विसाव्या शतकात ह्या प्रजातीकडे पाहण्याची दृष्टी दोन दिशांनी विस्तारली. जर्मनीत एर्न्स्ट पागेल्स ह्यांनी 1955 मध्ये 'ओस्टफ्रीजलांड' आणि कार्ल फॉर्स्टर ह्यांनी 1956 मध्ये 'मायनाख्ट' हे निळ्याजांभळ्या तुऱ्यांचे वाण पुढे आणले. कडाक्याची थंडी सोसणारे आणि दरवर्षी मुळांतून पुन्हा फुटणारे हे वाण युरोपातील बहुवर्षायू बागांचा आधार ठरले. दुसरीकडे मेक्सिकोच्या डोंगरांत नव्या जाती व संकर ह्यांचा शोध चालूच होता. कोआविला प्रांतातील हामे ह्या गावाच्या परिसरात 1991 मध्ये सापडलेल्या नैसर्गिक संकराला त्या गावाचेच नाव मिळाले. पुढे 1997 मध्ये कॅलिफोर्नियातील बेट्सी क्लेब्श ह्यांचे सॅल्व्हियावरील पुस्तक निघाले, आणि हौशी बागाईतदाराला ह्या प्रजातीचा विस्तार प्रथमच एकत्र पाहावयास मिळाला.

नामाभिधानाचा वाद

लागवडीच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी शास्त्रज्ञांमधील एका वादाची नोंद घेणे आवश्यक आहे, कारण रोपवाटिकेतील चिठ्ठ्यांवर त्याचा प्रत्यक्ष परिणाम होतो. ह्या प्रजातीचे लक्षण तिच्या पुंकेसरांत आहे. सॅल्व्हियाच्या फुलात कार्यक्षम पुंकेसर दोनच असतात, आणि प्रत्येकाचा मधला जोड लांबून तराजूच्या दांडीसारखा झालेला असतो. निळ्या फुलांच्या सॅल्व्हिया फॅरिनेशियाचे ताजे फूल घेऊन त्याच्या घशात गवताची बारीक काडी अलगद सरकवली, तर आतले एक टोक मागे ढकलले जाऊन वरच्या पाकळीत दडलेले परागकोश खाली झुकतात आणि काडीच्या पाठीवर पिवळसर धूळ टेकवून जातात. मध घेण्यास आलेल्या माशीच्या बाबतीत हेच घडते. जर्मन निरीक्षक स्प्रेंगेल ह्याने फुलांच्या परागणावरील आपल्या 1793 च्या ग्रंथात सॅल्व्हियाच्या ह्या रचनेचे बारकाईने वर्णन केले होते.

ही तरफेची युक्ती म्हणजेच सॅल्व्हिया, अशी व्याख्या दीर्घकाळ निर्वेधपणे चालली. परंतु 2004 मध्ये अमेरिकी अभ्यासकांनी डीएनएच्या आधारे असे दाखविले की, ही युक्ती एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्भवली आहे, आणि रोझमेरीसारख्या परक्या मानलेल्या वनस्पती वंशावळीत सॅल्व्हियाच्याच फांद्यांमध्ये बसतात. त्यावर 2017 मध्ये दोन परस्परविरोधी तजविजी पुढे आल्या. एका पक्षाचे म्हणणे असे की, रोझमेरी, रशियन सेज व आणखी तीन लहान प्रजाती सॅल्व्हियातच विलीन कराव्यात, म्हणजे केवळ पंधरा जातींची नावे बदलतील. उलट विभागणी केल्यास सातशेहून अधिक जातींना नवी नावे द्यावी लागतील. दुसऱ्या पक्षाच्या मते एवढी मोठी व विजातीय प्रजाती एका नावाखाली ठेवल्याने निरनिराळ्या खंडांतील शाखांचे खरे वेगळेपण झाकले जाते, सबब ती विभागणेच शास्त्राला धरून होईल. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2019 मध्ये रोझमेरीबाबत विलीनीकरणाचा पक्ष स्वीकारला. तूर्त व्यवहारात तोच पक्ष वरचढ असला तरी दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद निकालात निघालेला नाही. घरच्या बागेपुरता ह्याचा अर्थ एवढाच की, एकच झाड दोन नावांनी विक्रीस असू शकते, आणि म्हणून रोप घेताना चिठ्ठीपेक्षा झाडाची ओळख पटवून घेणे श्रेयस्कर.

हंगामी की बहुवर्षायू

लागवडीसंबंधी पहिला पक्ष परंपरेचा आहे. सॅल्व्हिया हंगामी फूल म्हणूनच लावावा, असे म्हणणाऱ्यांचे मुद्दे व्यवहारी आहेत. बी स्वस्त असते, डिसेंबर ते फेब्रुवारी फुलांची खात्री असते, पहिल्या बहरानंतर झाड लांबोडके व विरळ होते, आणि ते काढून टाकल्याने पावसाळ्यात रोगाला आश्रय उरत नाही व वाफाही तेरड्यासारख्या पावसाळी फुलांसाठी मोकळा होतो. स्प्लेंडेन्सची एक खुबीही ह्या पक्षाला अनुकूल आहे. तिचा रंग केवळ पाकळ्यांत नसून पाकळ्या धरून ठेवणाऱ्या निदलपुंजातही असल्यामुळे, फूल गळून पडल्यावरही तुरा कित्येक दिवस लालच दिसतो. इतक्या अल्प श्रमात असा दीर्घ देखावा देणारी हिवाळी फुले थोडीच.

दुसऱ्या पक्षाचा आक्षेप मुळावरच आहे. स्प्लेंडेन्स आपल्या मायदेशी बहुवर्षायू आहे. युरोपात ती हंगामी ठरली ती तेथील हिमामुळे, आणि जेथे हिम पडत नाही अशा पुण्यानाशकातही आपण ती उपटून टाकतो ती केवळ उसनवार घेतलेल्या पद्धतीमुळे. शिवाय ह्या पक्षाचा रोख एका स्प्लेंडेन्सवर नाही. मखमली जांभळ्या निदलपुंजातून पांढरी फुले डोकावणारी मेक्सिकोची ल्यूकॅन्था, गडद निळी ग्वारानिटिका, आणि पडलेल्या बियांतून आपोआप पुन्हा उगवणारी तांबडी कॉक्सिनिया, ही झाडे एकदा लावली की छाटणीवर व कलमांवर पुढे चालू राहतात आणि दरवर्षीच्या खरेदीचा प्रश्नच उरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

ह्या दोहोंच्या मध्ये उभे राहणारे लोक फॅरिनेशियाकडे बोट दाखवितात. टेक्सास आणि मेक्सिको ह्या भागांतील ही जाती पहिल्याच वर्षी बियांपासून फुलते, म्हणून ती हंगामी गणता येते. ऊन सोसण्याची तिची ताकद स्प्लेंडेन्सहून अधिक असल्याने, बहर ओसरल्यावर छाटून दुसऱ्या वर्षाकडे नेण्याचा प्रयोगही तिच्यावर करता येतो.

थंडीचे माप आणि पावसाचे माप

ह्या मतभेदाचा उलगडा होण्यास एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. झाडांच्या काटकपणाचे जे माप परदेशी पुस्तकांत व बियांच्या पाकिटांवर नमूद केलेले असते, ते अमेरिकी कृषिखात्याने 1960 मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या नकाशाला धरून, म्हणजे हिवाळ्यातील किमान तापमानावर आधारलेले असते. तेथील हॉर्टिकल्चरल सोसायटीने 1997 मध्ये दुसरा नकाशा काढला. त्यात वर्षातील किती दिवस पारा 30 अंश सेल्सिअसच्या वर चढतो ह्याची मोजदाद आहे. महाराष्ट्रात सॅल्व्हिया मरतो तो थंडीने नव्हे. आणि केवळ उन्हानेही क्वचितच. चार महिने मुळांभोवती साचणारे पाणी आणि हवेतील संतत ओलावा ही त्याच्या नाशाची प्रमुख कारणे आहेत, आणि ह्या दोन्ही नकाशांत त्यांचा हिशेब नाही.

पुण्यात वर्षाकाठी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईत 2000 हून अधिक, तर महाबळेश्वरी 5000 च्याही वर. तेव्हा 'महाराष्ट्रात ही जाती टिकते' अशा विधानाला फारसा अर्थ उरत नाही. त्यापेक्षा त्या जातीच्या मायदेशी पाऊस केव्हा पडतो हे पाहणे अधिक उपयोगाचे. भूमध्यसागरी प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. ऑफिसिनॅलिसची करडी, लवदार, जाड पाने त्या कोरड्या उन्हाळ्यासाठी बनलेली असल्यामुळे आपला जुलै-ऑगस्ट तिला मानवत नाही. जर्मन वाणांना तर हिवाळ्याची खरी विश्रांती लागते, आणि ती आपल्याकडे मिळत नाही. मेक्सिकोच्या मध्यवर्ती पठाराची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे पावसाचा भर उन्हाळ्यात, साधारणपणे जून ते सप्टेंबर असतो व हिवाळा कोरडा जातो. म्हणजे तेथील जातींचे पंचांग आपल्या पंचांगाशी जुळते. फरक आहे तो उंचीचा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर, तर ते पठार बहुतांशी दीड ते अडीच हजार मीटरवर असल्याने, तेथील झाडांना थंड रात्रींची सवय असते आणि आपले एप्रिल-मे त्यांना जड जातात. पाचगणीसारख्या उंच जागी ही अडचण बरीच कमी होते, नागपुराकडे ती वाढते.

मशागत : एकमताचे व मतभेदाचे मुद्दे

प्रत्यक्ष मशागतीच्या बऱ्याच बाबतींत जाणकारांत एकमत आहे. बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, पावसाची झड ओसरल्यावर, परडीत किंवा गादीवाफ्यावर पेरावे. स्प्लेंडेन्सच्या बियांना उगवण्यास उजेड उपकारक असल्याने ते मातीत गाडू नये, पृष्ठभागावर हलके दाबून झारीच्या बारीक फवाऱ्याने ओलवावे. दहा ते पंधरा दिवसांत उगवण होते. चार-सहा पानांवर रोपे सुमारे 25 ते 30 सेंटिमीटर अंतराने लावावीत, आणि झाड भरदार व्हावे म्हणून शेंडा एकदा खुडावा. शेणखत पूर्ण कुजलेले असावे, नत्र बेताने द्यावे, कारण नत्र जास्त झाल्यास पाला माजतो आणि तुरे मागे पडतात. रोपे कोलमडणे, पानांवरची भुरी, पांढरी माशी आणि उन्हाळ्यातील लाल कोळी हे नेहमीचे उपद्रव होत. दाटी टाळणे, वारा खेळता ठेवणे आणि सायंकाळऐवजी सकाळी पाणी देणे ह्यांनी त्यांचा अर्धा बंदोबस्त होतो.

जमिनीच्या बाबतीत मतभेद आहे. देशावरच्या काळ्या मातीत पाणी धरून राहते, म्हणून काहीजण कुंडीखेरीज सॅल्व्हिया लावूच नये असे म्हणतात. कुंडी पावसात वळचणीला सरकवता येते, हा त्यांचा मुख्य आधार. इतरांच्या मते कुंडीत मुळे तापतात, मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागते आणि ल्यूकॅन्थासारखे पसरणारे झाड खुरटते. त्यापेक्षा पोयटा, वाळू व मुरूम मिसळून वीतभर उंच केलेला वाफा बरा. लहान हंगामी वाणांना कुंडी आणि मोठ्या झुडपांना उंच वाफा, अशी वाटणी बहुतेक अनुभवी लोक करताना आढळतात. दुपारच्या पश्चिमेच्या उन्हापासून थोडा आडोसा द्यावा, ह्याविषयी मात्र दुमत नाही.

छाटणीची वेळ हा दुसरा वादाचा मुद्दा. एक पक्ष मेअखेरीस झाड हातभर राखून छाटतो. पाला कमी असला की पावसात ओल व बुरशी कमी धरते, असा त्याचा युक्तिवाद. दुसरा पक्ष म्हणतो की, त्या छाटणीने फुटणारे कोवळे कोंब नेमके पहिल्या झडीत सापडून सडतात, म्हणून पावसाळ्यात झाडास हात लावू नये आणि सप्टेंबरात छाटावे. पण ल्यूकॅन्था दिवस लहान होऊ लागल्यावर कळ्या धरणारी जाती आहे, तेव्हा सप्टेंबरातील कडक छाटणी तिचा बहर लांबवते. त्या जातीपुरता तरी पहिल्या पक्षाचा दावा अधिक बळकट ठरतो. कोणताही मार्ग पत्करला तरी मूळ झाड पावसात गमावण्याची शक्यता धरून फेब्रुवारीत छाट कलमे करून ठेवावीत, ही सूचना दोन्ही पक्षांना मान्य होईल. बिनफुलाच्या फांदीचा आठ-दहा सेंटिमीटरचा तुकडा पेऱ्याच्या किंचित खाली कापून, खालची पाने काढून, ओलसर वाळू व कोकोपीट ह्यांच्या मिश्रणात सावलीत लावला, तर साधारण तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात.

परागवाहक आणि परदेशीपणाचा प्रश्न

बागेने केवळ घरमालकाचे डोळे निववावेत, की पाखरे व मधमाश्या ह्यांचेही पोट भरावे, हा विचार अलीकडे प्रबळ झाला आहे. सॅल्व्हियाच्या बाजूने सांगितले जाते की, फॅरिनेशियासारख्या निळ्या जातींवर सातेरी आणि फुलोरी मधमाश्यांची दिवसभर वर्दळ असते. लाल, लांब नळीची स्प्लेंडेन्स मुळात हमिंगबर्ड ह्या अमेरिकेतच आढळणाऱ्या पक्ष्यासाठी घडलेली असली, तरी आपला शिंजीरही तिच्याकडे वळतो. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, ही भेट नेहमीच परागणाची नसते. दुपारी उतरत्या उन्हात स्प्लेंडेन्सच्या तुऱ्यावरील फुले तळाशी निरखून पाहिली, तर निदलपुंजाजवळच्या नळीवर केसाएवढी उभी चीर पुष्कळदा दिसते. काळा भुंगा फुलाच्या तोंडाशी न जाता ही चीर पाडून मध लुटतो आणि परागाला स्पर्शही करीत नाही.

परदेशी झाडांविषयीची भीतीही निराधार नाही. शोभेसाठी आणलेल्या घाणेरीने सह्याद्रीच्या उतारांवर काय केले ते सर्वश्रुत आहे, आणि सॅल्व्हियाच्याच एथिओपिस ह्या जातीला पश्चिम अमेरिकेत त्रासदायक तण ठरवून तिच्यावर भुंगेरे सोडावे लागले. मात्र सर्व जातींना एकाच मापाने मोजणेही रास्त होणार नाही, कारण बियांनी पसरणारी कॉक्सिनिया आणि बहुधा कलमांवरच चालणारी ल्यूकॅन्था ह्यांचा धोका सारखा नाही. देशी पर्याय म्हणून भारतात रानोमाळ उगवणाऱ्या प्लेबिया ह्या जातीचे नाव घेतले जाते, परंतु तिची फुले इतकी बारीक असतात की शोभेच्या वाफ्यात तिला जागा देण्याचा आग्रह कोणी गंभीरपणे धरलेला नाही. इंग्लंडात विझ्ली येथे 2010 ते 2013 ह्या काळात देशी व परदेशी झाडांचे वाफे शेजारी लावून कीटकांची गणना झाली. तीत देशी व नजीकच्या प्रदेशांतील झाडे एकंदरीत सरस ठरली, तथापि हंगामाच्या शेवटी परदेशी फुलेही उपयोगी पडतात आणि फुलांची विपुलता हाच मोठा घटक आहे, असे दिसून आले. तो दाखला आपल्या हवेला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण वाद एकांगी नाही एवढे त्यावरून स्पष्ट होते.

अनिर्णीत मुद्दे आणि निष्कर्ष

कोणती जाती किती पावसाळे आणि कोणत्या जमिनीत काढते, ही माहिती कोकण, देश, मराठवाडा व विदर्भ असा भेद करून गोळा होणे अगत्याचे आहे. शिंजिराच्या भेटींतील किती परागणाच्या व किती केवळ मधाच्या, हाही निरीक्षणाचा विषय आहे. कॉक्सिनियासारखी जाती कुंपणाबाहेर किती जाते, ह्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी ती लावणाऱ्यावरच पडते.

हंगामी आणि बहुवर्षायू ह्या दोन पक्षांतील विरोध बराचसा वरवरचा आहे, असे ह्या आढाव्यावरून म्हणता येईल. दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे बोलतात, कारण एकाच्या डोळ्यांपुढे ब्राझीलची जाती असते व दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे मेक्सिकोची, आणि एक काळ्या मातीविषयी बोलतो तर दुसरा मुरमाड उताराविषयी. ज्या मापाने हा वाद मिटावयाचा ते थंडीचे नसून पावसाचे व निचऱ्याचे आहे. ज्याला प्रथमच सॅल्व्हिया लावावयाचा आहे त्याने ऑक्टोबरात उंच वाफ्यावर फॅरिनेशियाची पाच-सहा रोपे लावावीत, फेब्रुवारीत त्यांतल्या उत्तम झाडाची कलमे करावीत, आणि लावल्याची तारीख, पहिल्या तुऱ्याची तारीख व पावसाळ्यानंतर किती झाडे उरली ह्याची नोंद वहीत ठेवावी. अशा नोंदी ठिकठिकाणच्या बागांतून जमल्या, तरच ह्या प्रश्नावरील पुढचा आढावा अधिक निश्चितपणे लिहिता येईल.